कारणाचा रकाना

अर्ज छापील आहे. नाव, वय, गाव,
आणि खाली चार बोटं रुंद रकाना: मृत्यूचं कारण.
लिहितात डॉक्टर. मी परिचारिका,
मी नुसता कागद धरते,
घाम पडून शाई फुटू नये एवढंच बघते.

अबीलियू. वय एक्क्याऐंशी. वाल-दा-सेर्ना.
हृदयक्रिया बंद.
खरं आहे. शेवटी सगळ्यांचीच पडते.

समुद्राला पाठ करून बसलेलं हे गाव,
वारं आलंच तर स्पेनकडून, तेही तापलेलं.
सहावा दिवस त्रेचाळीस अंशांचा,
आणि रात्र तर झालीच नाही;
दगडी भिंतींनी दिवसभर गिळलेलं ऊन
अंधारात ओकून टाकलं.
खिडक्या बंद होत्या. चोरांची भीती नव्हे,
बायको गेल्यापासून उघडायच्या राहून गेल्या होत्या.
पंखा चालू,
भट्टीतली हवा भट्टीतच फिरवत,
मान इकडून तिकडे, इकडून तिकडे,
नको नको म्हणणाऱ्या माणसासारखी.
गोळ्यांच्या डबीत गुरुवारपर्यंतचे कप्पे रिकामे.
लघवीची पांढरी गोळी न चुकता घेतलेली.
चुकवू नका, असं मीच बजावलं होतं,
मार्चमध्ये, स्वेटर घालून.
त्याची कातडी कोरडी ठणठणीत.
मजुरी थकली की गडी न सांगता जातो
तसा घाम निघून गेला होता.

त्याच दुपारी घंटा वाजली.
लग्नाची थांबत थांबत वाजते, ही थांबेना.
पलीकडच्या डोंगरावर कागदाच्या कारखान्यासाठी
लावलेली निलगिरी पेटली होती,
सालीच्या जळत्या पट्ट्या
दरी ओलांडून येत होत्या, पत्ता माहीत असल्यासारख्या.

मी एर्मेलिंडाला न्यायला धावले.
शहाऐंशी वर्षांची, गुडघे गेलेली;
माझ्या यादीत तिच्यापुढे लाल खूण.
दारात पोचले आणि तिला आईच्या नावानं हाक मारली.
गाडीची किल्ली मागितली,
किल्ली माझ्याच मुठीत होती.
ती म्हणाली, पोरी, घाम कुठंय तुझा?

पुढचं तुटक आठवतं.
खडकात खोदलेलं बटाट्यांचं तळघर.
दाराच्या फटीत भिजवलेली पोती.
तिच्या लग्नातली भरतकाम केलेली चादर,
साठ वर्षं कुणाला अंगावर घेऊ दिली नव्हती,
ती घडी मोडून, माठात बुडवून, माझ्यावर.
मानेवर पाणी, काखेत पाणी,
आणि वर, छताच्या पलीकडे,
मालगाडी घरावरून जावी तसा आवाज.

झोपू नकोस, ती म्हणत होती. घरं मोज.
चर्चपासून सुरू कर. कोण राहतं?
मी सांगत गेले: बेकरीवाली, तिचा मुका भाऊ,
फ्रान्समधून परत आलेलं जोडपं,
मग निळं दार.
निळ्या दाराशी मी थांबले.
तीही थांबली.
मग तिनं माझ्या डोक्यावर आणखी एक तांब्या ओतला.

रस्त्यावर गाडीत सापडलेल्या तिघांची नावं
आता चौकातल्या दगडावर कोरणार आहेत.
मंत्री आले, काळी टाय लावून.
अबीलियू त्यांत नाही. त्याला आगीनं शिवलंच नव्हतं;
राखही त्याच्या अंगणात आली ती तो गेल्यानंतर.

मी डॉक्टरांना म्हटलं, ऊन लिहा.
ते म्हणाले, त्यासाठी अंगाचा ताप मोजलेला लागतो,
तो कुणी मोजला होता?

हल्ली मी रक्तदाबाआधी विचारते,
रात्री खिडकी उघडता का?
म्हातारे हसतात. बाईनं विचारायचा प्रश्न आहे का हा?
एर्मेलिंडा तर मोठ्यानं हसली.
या वयात खिडकीतून कोण येणार, म्हणाली.
मग गप्प झाली, काळ्या डोंगराकडे बघत,
आणि म्हणाली,
चादर अजून दिली नाहीस माझी.
काजळीचे डाग निघत नाहीत, मी म्हटलं.
तशीच आण.