सहावी नस

मार्साश्लोकच्या बंदरात मी होड्यांना डोळे काढून देतो.
चाळीस वर्षं. बापानं शिकवलं: आधी भुवई,
मग पांढरं, मग निळं, बुबुळ सगळ्यांत शेवटी,
आणि ते टेकवताना श्वास घ्यायचा नाही.
नाळेच्या दोन्ही अंगांना एकेक.
डोळे नसलेली होडी वाट चुकते, म्हणायचा.

त्या मंगळवारी धक्क्यावर आलो
तर नार्दूच्या होडीशेजारी नार्दूची होडी.
एकीला दुसरी चिकटून, जरा फिकट,
ओल्या रंगावर बाही घासली जावी तशी.
फळ्याही दोन होत्या.
मी निवडली ती नव्हतीच.
गुडघाभर पाण्यात उभा राहून ऐकलं सगळ्यांचं हसणं.
हसणारेही दुप्पट.

डॉक्टरीण तरुण, मिफ्सुदांची नात.
नाकासमोर पेन धरून म्हणाली, याच्या मागं या.
उजवीकडे दोघंही गेले.
डावीकडे उजवा एकटाच गेला;
डावा मधोमध अडून बसला
उंबऱ्यात अडलेल्या शेळीसारखा.

"डोळा धड आहे, वेंझूकाका. नस निजलीय.
मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली सहावी.
तिला काम एकच: डोळा बाहेरच्या अंगाला वळवायचा.
तिला रक्त नेणारी वाट केसाहून बारीक.
साखरेनं ती आतून खरवडत आणली
आणि एका रात्री ती बुजली."

एका कामाला एक नस!
मी एकाच ब्रशानं भुवईही काढतो आणि होडीचं नावही.

साखरेचं मला ठाऊक होतं. म्हणजे
कागद होता घरात, सात वर्षं, मिठाच्या बरणीखाली.
मी त्याच्याकडे काणाडोळा केला.
आता डोळ्यानं माझ्याकडे केला.

चष्म्याच्या डाव्या काचेवर तिनं चिकटपट्टी लावली.
जग एक झालं, पण सपाट;
ब्रश लाकडाला कुठं टेकेल ते टेकेपर्यंत कळेना.
घरी पट्टी सोलून बसायचो.
समोर दोन तोना, एक रागावलेली,
दुसरी तिच्या खांद्यामागून रागावलेली.
दोघींनी मिळून खजुराच्या वड्या शेजारी देऊन टाकल्या.
मी विचारलं, कितीजणींचं ऐकू?
दोघीही हसल्या नाहीत.

नार्दूला घाई, लांपुकीचा हंगाम तोंडावर आलेला.
त्याच्या होडीचे डोळे मी त्याच दिवसांत केले,
एक पंजा नाळेवर ठेवून, अंतर बोटांनी मोजत.
उजवा बरा उतरला.
डाव्याचं बुबुळ आत सरकलं, नाळेकडे,
हुबेहूब माझ्यासारखं.
खरवडून पुन्हा काढतो, म्हटलं.
नार्दू जाळं झटकत राहिला.
"राहू दे. मासे कुठं बाजूला असतात?"

नस बहुतेक वेळा परत येते, ती म्हणाली होती,
तीन-एक महिन्यांत, साखर ताब्यात राहिली तर.
तो "बहुतेक" मी रोज सकाळी
बोटावर सुई टोचताना ऐकतो.
थेंब एवढासा, लाल, गोल,
कुणीतरी शेवटी टेकवलेल्या बुबुळासारखा.
तेवढं होईस्तोवर श्वास घेत नाही. सवय.

जवळचं आधी जुळलं. ताट. मग तोना.
मग गल्लीचं टोक, तिथला निळा दरवाजा.
चर्चच्या मनोऱ्यांवरची घड्याळं सगळ्यांत उशिरा:
चारची तीन वाटली काही दिवस,
मग एका रविवारी दोन.
दोनच बरोबर.
आमच्याकडे ती दोन असतात,
एक खरी वेळ दाखवतं,
एक सैतानाला चकवायला.
कुठलं कुठलं, ते मात्र
पायरीवर उभं राहून आठवावं लागलं.

काल संध्याकाळी नार्दूची होडी आत आली.
एकच होडी. डावा डोळा किंचित नाकाकडे.
खिशातली चिकटपट्टीची गुंडाळी
मी अजून टाकलेली नाही.