उलटे नळ

गुदैबियातल्या पहिल्या सकाळी, आत्याबाई,
तुम्ही मला देव दाखवले नाहीत, मिठाचा डबा नाही.
नळ दाखवलात.
"जून ते सप्टेंबर नळ उलटे होतत गो.
थंडाचो गरम, गरमाचो थंड.
गच्चीवरची टाकी उकळता,
बंद गीझरातला पाणी तेवढा सावलीत रवता."
मी साताऱ्याची. तुमची बोली मला
अरबीइतकीच परकी. मान डोलावली.
दुसऱ्या दिवशी हात भाजला.
तुम्ही फुंकर घातली नाहीत.
एवढंच विचारलंत, "खयचो सोडलंस?"

चंपावती तांडेल.
पासपोर्टात मधलं अक्षर गळालं
आणि बेचाळीस वर्षं तुम्ही चंपाती म्हणून सही केलीत.
"दुरुस्त करूक पैसे पडतत.
पासपोर्ट काय हाक मारता?"

मामंजी हिद्दच्या गोदीत गेले,
जहाजाच्या पोटात, वेल्डिंग करता करता.
किंवा दोन दिवसांनी दवाखान्यात.
तुम्ही दोन्ही सांगायचात,
समोर कोण बसलंय ते बघून.
चौदाव्या दिवशी शाळेच्या बसमध्ये होतात,
कुणा दुसरीचा निळा एप्रन घालून, मुलं मोजत.
तेवीस चढली. तेवीस उतरली.
तरी शेवटच्या सीटपर्यंत जायचात,
वाकून प्रत्येक सीटखाली बघायचात,
कारण मुलं झोपतात,
आणि बंद गाडीत इथलं ऊन काय करतं
हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत.

ते मोजणं मात्र घरी यायचं.
दोरीवरचे चिमटे. किलोतले साफी मासे,
कोळ्याशी अरबीत घासाघीस, पाठ वळली की मालवणीत शिव्या.
रात्री आमच्या दाराशी सावली थांबायची,
ओठ हलायचे.
मला राग यायचा.
मी काय बसमधली पोर होते?
एकदा तसं बोललेही.
तुम्ही म्हणालात, "नाय, तू तिकिटाची."
याचा अर्थ मी अजून लावतेय.

गच्चीवर डिश अँटेनांच्या मधोमध तुमच्या सांडग्या मिरच्या.
मालवणात चार दिवस लागायचे, इथे एक.
"ह्या उन्हाक कामाक लाव,
नायतर ता आपल्याक लावता."
मला मिरच्या आवडायच्या नाहीत.
ऑफिसच्या डब्यात रोज दोन असायच्या.
रोज दोन परत यायच्या.
तुम्ही मोजायचात, बोलायचा नाहीत,
दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

गेलात जानेवारीत, नळ सरळ असताना.

मेलेल्या माणसाचा व्हिसाही रद्द करावा लागतो,
नाहीतर कागदावर ते राहतच राहतं.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, नातं?
तिच्या यादीत सून नव्हती.
जरा थांबून तिने 'बिंत'वर टिचकी मारली.
चूक सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
पैसे पडतात.

शेवटची बरणी मी फ्रीजच्या मागे ढकलून ठेवलीय.
मिरच्या मला अजूनही आवडत नाहीत.
सात उरल्यात.

काल संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली नवी मुलगी
दार वाजवत आली. कोट्टयमची, लग्नाला महिना झालेला.
तळहात लाल, डोळे भरलेले.
माझ्या तोंडून निघालं, "खयचो सोडलंस?"
तिला काय कळणार. मलाच क्षणभर कळलं नाही
कोण बोललं.
तिचा हात मी गीझरच्या नळाखाली धरला.
पाणी गार होतं. ती वेड्यासारखी बघत राहिली,
नळाकडे, माझ्याकडे.

तिला पोचवून परत येताना
दारातल्या चपलांचे जोड मोजले.
चार.
माणसं आम्ही तीन.
मी पुन्हा मोजले,
वाकून, रॅकच्या खालीसुद्धा बघितलं,
आणि दार लावून घेतलं.