एक आणि एक अकरा

कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावर
गायधनी सरांचा क्लास होता. सहा संगणक, चार चालू.
सर सी शिकवायचे, फळ्यावर, खडूने,
आणि 'मेमरी' म्हणताना असे थांबायचे
की चपला बाहेर काढल्या ना, हे आम्ही तपासायचो.

तुझं नाव निघालं की हसायचे.
"ती भाषा नाही, यामिनी. ती दारावरची पोरगी.
फॉर्मात रकाना रिकामा राहिला की ओरडते,
माऊसच्या बाणामागे चांदण्या सोडते. संपलं."
दहा दिवसांत उरकलेली, म्हणे.
नावसुद्धा उसनं, शेजारच्या थोरल्या घरातलं.

माझी पहिली कमाई तुझ्यावर.
दीड हजार. पिंपळगावच्या कचेश्वर निमसेंचं बेदाण्याचं पान:
हिरवी पट्टी, गोल फिरणारा घोस, खाली मागणी.
मनमाडच्या एका बाईंनी एक पेटी मागितली,
मग अजून एक.
तू आकड्यांना अक्षरं समजलीस,
शेजारी शेजारी उभं केलंस,
आणि निमसे काकांनी टेम्पोत अकरा पेट्या भरल्या.

फोनवर ते चिडले नाहीत. म्हणाले,
"पोरी, एक आणि एक अकरा हे लग्नात बोलायला ठीक आहे."
नऊ पेट्या परत आल्या. भाडं मी दिलं.

त्या रात्री तुला मनसोक्त शिव्या घातल्या.
'काहीच नाही'ला विचारावं तू कोण,
तर 'मी वस्तू' असं उत्तर देणारी तू.
पॉइंट एक, पॉइंट दोन मिळवून
पॉइंट तीनच्या मागे शून्यांची रांग लावणारी
आणि रांगेच्या शेवटी एक चोरटा चार लपवणारी तू.
(तो दोष तुझा एकटीचा नव्हता. सीमध्येही होता.
हे सरांनीच कबूल केलं, पण फार उशिरा.)

मग कुणीतरी ब्राउझरच्या पोटातलं इंजिन
उपसून मोकळ्यावर ठेवलं,
आणि ते तिथेही धडधडत राहिलं.
तू खिडकीतून उतरलीस ती उतरलीसच.
अंबडच्या शीतगृहात, शून्य अंशाला,
द्राक्षांच्या क्रेटमधला पारा वाचायला तू.
सातपूरला रात्रपाळीत दशपुत्रे
प्रेसचे ठोके मोजतो, तो पडदा तू.
कसारा घाटात रेंज गेलेल्या ड्रायव्हरच्या फोनात
बिल धरून बसलेली तू.
ज्या पाटीवर मी तुला लिहिते
ती पाटीही हल्ली तूच.

माणसंही जमली. संख्या विषम आहे का एवढं सांगायला
कुणा अनोळख्याची चार ओळींची पुडी आणायची.
एका सकाळी कुणी आपली पुडी परत घेतली
आणि आमचं काम दुपारच्या चहापर्यंत आडवं झालं.
नवी पोरं तुला प्रकारांचा गणवेश चढवतात.
तू अंगावर ठेवतेस.
धावायची वेळ आली की काढून टाकतेस.

परवा सर ऑफिसात आले. सत्त्याहत्तर.
हातात लॅपटॉप, मुलाचा जुना.
सोसायटीच्या दोन टाक्यांना सेन्सर लावलेत,
फोनवर पाणी दिसायला हवं.
"सीमध्येच केलं असतं," म्हणाले, "पण सगळे म्हणाले, हिच्यात कर."
पडद्यावर अकरा हजार लिटर
आणि सकाळपासून नळ कोरडा.
मी वाकून पाहिलं. दोन टाक्या, हजार हजार,
'१' आणि '१', अवतरणचिन्हांत.

"अजून?"
"अजून, सर."
"इतक्या वर्षांत कुणी दुरुस्त केलं नाही?"
"केलं तर जुनी पानं मोडतील."

निमसे काकांचं पान उघडून दाखवलं.
कुणी पैसे भरतंय अजून, कोण ते ठाऊक नाही.
हिरवी पट्टी. घोस फिरतोय.
सरांनी एक पेटी टाकली.
माझ्याकडे बघत अजून एक.

दोन, असं आलं.
ते मी तेव्हाच नीट केलं होतं.
सर जरा हिरमुसले.