अंगठी

देओलिंदा बोटाला साबण लावून
लग्नाची अंगठी काढते,
गाईच्याच शेपटीच्या केसाला बांधून
तिच्या पाठीवर धरते.
गोल फिरली तर कालवड.
सरळ झुलली तर गोऱ्हा,
म्हणजे आठवड्याभरात खाटकाची गाडी.

मी दुधाचे कॅन चढवता चढवता थांबतो.
साव जॉर्जच्या या कड्यावर वारा कधी पडत नाही,
अंगठी कोण हलवतं, कसं ओळखायचं?
एव्हारिस्तो म्हणतो, उतरत्या चंद्रावर फळलीय, कालवडच.
शेजारचा झेफेरिनो: उठताना उजवा पाय आधी टाकते. गोऱ्हा. लाव पैज.
लागते. चीजचं एक अख्खं चाक.

अंगठी गोल फिरेना, सरळही जाईना.
लांबुळकी, अंड्यासारखी काहीतरी.
"हात थकला माझा," देओलिंदा म्हणाली.

मार्चच्या धुक्यात जुळं झालं.
आधी गोऱ्हा, मागून कालवड.
चाक मधोमध कापलं.

गोऱ्ह्याच्या जोडीची कालवड बहुधा वांझ निघते,
हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.
खाटकाने दोघांची जागा ठेवली होती.

एकच चढवला.
दुसरी अजून गोठ्यात आहे,
चार वर्षांची, थेंबभर दूध नाही,
चारा मात्र सगळ्यांआधी तिला.
मी विचारलं नाही.
अंगठी खुंटीवर, केसासकट.
बोट सुजलंय, म्हणते.