ठराव क्रमांक सात

पगार तासाला अठरा डॉलर.
जाहिरात तीन आठवडे पोस्टाच्या काचेवर होती,
अर्ज आले तीन.
वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात
चारशे बारा घरांना पाणी पुरवायचं,
त्यातली साठ चढावर.

पहिला म्हणाला, मला माणसं आवडतात.
दुसऱ्याकडे प्रमाणपत्रांची चळत,
पण गॅस कंपनीची टोपी
तो मांडीवर पालथी घालून बसला होता.

तिसरी केंड्रा स्टॅलनेकर.
बुटांचा चिखल दारातच झटकून आली.

व्हर्जिलनं एकतीस वर्षं हे नळ राखले.
तोवर गप्प होता, आता खाकरला:
'जानेवारी. रात्रीचे दोन. टाकी उतरतेय,
रस्त्यावर थेंब नाही. काय करशील?'

ती लगेच बोलली नाही.
लोरीननं घड्याळाकडे पाहिलं.
'ओढ्याच्या कडेनं चालत जाईन,' ती म्हणाली,
'बर्फ कुठे धरला नाहीये ते बघत.'
'आणि नाहीच सापडलं तर?'
'तुम्हाला उठवीन.'

व्हर्जिलनं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला,
मग परत उचलला.
मतदान व्हायचं होतं अजून.

मी इतिवृत्तात लिहिलं:
तीन विरुद्ध शून्य, सहा महिने परिवीक्षा.
ओढ्याचं लिहायला रकाना नव्हता.

कुलूप लावताना लोरीन पुटपुटली,
दोन डॉलर कुठून तरी काढा बाबांनो,
नाहीतर ती टोपीवाली कंपनी
हिलाही नेईल.