पाणसळ

फॉर्मवर जखमांसाठी तीन ओळी आहेत.
पहिलीत मांडी : मोडली, जुळली, आत सळई.
दुसरीत डावा कान.
तिसरी वकिलाच्या कारकुनाने कोरी सोडली,
कारण मी जे सांगत होतो
त्याला त्याच्याकडे अरबी शब्द नव्हता
आणि माझ्याकडे मराठीशिवाय दुसरा नव्हता :
तोल.

सज्याच्या वळणावर, पहाटे पाच वीसला,
पाण्याच्या टँकरने आमची पिकअप आडवी केली.
झरवली चालवत होता. तो गेला.
मी लाद्यांच्या खोक्यांत सापडलो.
खोकी बहुतेक शाबूत, साठ बाय साठ, करड्या, इटालियन.
मुकादमाने आधी तीच मोजली, असं जब्बारने नंतर सांगितलं.
मी राग धरला नाही.
मीही आधी तीच मोजली असती.

बावीस वर्षं मी या देशाच्या पायाखाली आहे.
बँकांत, दवाखान्यांत, दोन मशिदींच्या व्हरांड्यांत.
पाणसळीचा बुडबुडा दोन रेघांमध्ये आला नाही
तर लादी उचलायची, माल खरवडायचा, पुन्हा बसवायची.
बाप म्हणायचा, पाणी कुणाचं मिंधं नसतं.
आता तसला एक बुडबुडा माझ्या कानात आहे
आणि तो डावीकडे निसटलाय.
उभा राहिलो की शारजा कलते.
झोपलो की खाटेचे दोन पाय कुणीतरी उचलतं.

फाईल दोनदा परत आली.
पोलिसांच्या कागदावर मी कदशी, इस्पितळाच्या कागदावर गादशी.
घडशी कुठेच नाही.
जब्बार म्हणतो, बोटाला दर आहे, दाताला दर आहे,
तू नशीबवान, तुझं सगळं जागच्या जागी.

डॉक्टरांच्या कमिटीपुढे उभा केला.
तिघे जण, एक चहा पीत.
म्हणाले, या लाद्यांच्या सांध्यावरून सरळ चाल.
चार पावलं गेलो आणि भिंतीवर आदळलो.
म्हणालो, साहेब, मी पडलो ते खरं,
पण हा सांधाही दोन सूत बाहेर आहे.
चहावाला हसला. खाली वाकून बघितलं त्याने.
मग आकडा लिहिला, पंधरा टक्के,
सांध्याचा की माझा, कळलं नाही.

सुचिता फोनवर विचारते, काय झालं?
म्हणतो, केस चालू आहे.
ती म्हणते, तुम्ही चालताय का?

टँकरवाल्यांची विमा कंपनी म्हणते, झरवली पेंगत होता.
त्याचा भाऊ पेशावरहून आलाय.
कोर्टाच्या जिन्यात भेटला, मूठभर अक्रोड दिले
आणि एवढंच विचारलं :
जागा होता ना?

जागा होता.
त्यानेच तर मला उठवलं. मिस्त्री, पानी.
मी मागच्या सीटवरून बाटली पुढे केली,
त्याने हात मागे केला.
त्यानंतरचं मी काही पाहिलं नाही.

हे कुठल्या ओळीत बसतं?
जबानीत मी म्हणालो, जागा होता.
बाटली सांगितली नाही.
कुणी विचारलीही नाही.
भाऊ रडला माझा हात धरून,
मी उभा राहिलो कठडा धरून,
आणि अक्रोड खिशात वाजत राहिले
एवढ्याशा हालचालीनेही.

रात्री कॅम्पात सगळे झोपले की
अर्धी भरलेली बाटली जमिनीवर आडवी ठेवतो.
हलू देत नाही. श्वास धरून बघतो.
हवा निसटते एका टोकाला.

ही लादी मी बसवलेली नव्हे, म्हणतो,
आणि बाटली उचलून
दुसऱ्या लादीवर ठेवतो.