डावी विंग

शाल्मली, तुला एम.ए.च्या पेपरासाठी
पात्रांचं विश्लेषण हवंय.
मी प्रॉम्प्टर. माझ्याकडे फक्त एक जागा आहे:
डावी विंग, लाकडी खोका, चाळीसचा बल्ब,
आणि एकतीस वर्षं तेच सूडाचं नाटक,
दर डिसेंबरला, दौलतगंजात,
जेव्हा लष्करभर इतकं धुकं असतं
की पहिल्या अंकातलं भूत
सरळ रस्त्यावरून आत आल्यासारखं वाटतं.

आधी भूतच घे.
येतं, ‘माझं रक्त अजून वाळलं नाही’ म्हणतं,
मुलाच्या गळ्यात सूड अडकवतं आणि जातं.
पाचव्या अंकात सात प्रेतं पडतात,
तेव्हा ते फिरकतसुद्धा नाही.
(बक्षी तोवर रंग पुसून
शेवटची टेम्पो गाठायला निघालेले असतात.)

मग सुकेतू. नायक.
लोक म्हणतात, तो कचरतो. मला नाही पटत.
मी ए.जी. ऑफिसात जन्मभर हिशेब तपासले.
खातं बंद करायची घाई नसलेला माणूस
मला लांबून कळतो.
बाकी निघतेय तोवर बाप आहे.
ती चुकती झाली
की उरतो एक मुलगा,
आणि धुवायची राहिलेली तलवार.

कुमुद्वती, त्याची आई. तिला सगळं माहीत असतं.
संहितेत तिच्यापुढे नुसतं ‘वात सारते’ एवढंच आहे.
एका तालमीत दिघेवहिनींनी वात सारताना
बोट ज्योतीतच ठेवलं. मागे घेईनात.
तिच्याबद्दल मी यापेक्षा जास्त सांगू शकत नाही.

प्रधान वज्रबाहू.
लेखकानं सगळ्यात देखणी भाषा त्याला दिली.
खरं सांगायचं नसलं की शब्द पुष्कळ लागतात.
हे काम इंगळे करायचा. मधुकर इंगळे.

इथे जरा पाणी पितो.

चौऱ्याऐंशी साली माझ्याविरुद्ध एक अर्ज गेला.
निनावी. पण त्यातल्या ‘श’ची गाठ
मी रोज ऑफिसच्या टिपणांवर बघत होतो.
प्रमोशन अकरा वर्षं अडलं.
मी बोललो नाही.
दर डिसेंबरला त्याच माणसाला
हळू आवाजात वाक्यं पुरवत राहिलो.

आणि एका वर्षी, पाचव्या अंकात,
तलवार छातीला टेकलेली, इंगळे विसरला.
विंगेकडे बघितलं त्यानं.
ओळ माझ्या बोटाखाली होती:
‘मार. पण आधी सांग, उद्या तू काय करशील?’
मी बोट हलवलं नाही.
एक.
दोन.
तीन.
एवढ्या थंडीत त्याच्या मुकुटाखालून घाम आला,
मिशी एका बाजूनं सुटली.
चार.

तेव्हा दासीनं तबक पाडलं.

दासी पात्रयादीत शेवटी आहे, नावाशिवाय.
विष आधी तिनं चाखायचं,
आणि कोपऱ्यात पडून राहायचं.
तिचा सूड कुणी घेत नाही,
ती कुणाची मुलगी, हेही कुणी विचारत नाही.
त्या वर्षी शिंप्याची कामना कुशवाह होती, नववीतली.
तिला मराठी येत नव्हतं म्हणून मुकं काम दिलेलं.
पेले गडगडत पार फूटलाइटपर्यंत गेले
आणि त्या आवाजात इंगळेला ओळ सापडली.

नाटक संपल्यावर त्यानं गजकाचा पुडा फोडला,
मोठा तुकडा मला दिला.
म्हणाला, ‘आज तुझा आवाज बसलेला दिसतोय.’
सर्दी, मी म्हणालो.
दुसऱ्या दिवशी सकाळी दारात
खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून गेला.

त्याला कळलं होतं की नव्हतं,
हे मला आजवर तपासता आलं नाही. इंगळेही आता नाही.
बाटली आहे. सील तसंच आहे.
मी ते औषध घेतलं नाही, शाल्मली.

आता मला कुठल्या पात्राखाली लिहायचं
ते तू ठरव.